मशिदीपर्यंत पायी जाता येईल असं घर परवडत नसेल तर आपण ज्यू कुटुंबांनी मुंबईत राहायचं कसं?

भायखळ्याची_लेक

शालोम सगळ्यांना. जे बेने इस्रायली, म्हणजे आमच्यासारखे कोकणातले मराठी ज्यू, नाहीत त्यांच्यासाठी आधीच सांगते, आमच्या घरात सिनेगॉगला मशीदच म्हणतात, आजीपासून तेच चालत आलंय, तेव्हा गोंधळ नको.

आमची बिल्डिंग पागडीची. आजोबा कोकणातून गिरणीत कामाला आले तेव्हापासूनची खोली, भाडं महिना ३४० रुपये. आता रिडेव्हलपमेंट होतंय. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या ३३(७) नियमाखाली किमान ३०० चौरस फूट कार्पेट फुकट मिळणार म्हणून सगळे खुश होते, पण परवाच्या मीटिंगमध्ये कळलं की नव्या टॉवरचा मेंटेनन्स महिना नऊ हजाराच्या आसपास जाणार. पप्पांची पेन्शन किती आणि त्यातून नऊ हजार कुठून काढायचे? म्हणजे घर मिळेल पण त्यात राहता येणार नाही, विकून लांब कुठेतरी जायचं.

माझा भाऊ आधीच गेलाय, बदलापूरला. हातात ३८ हजार येतात, आमच्या इथे वन बीएचकेचं भाडंच ५५ हजार सांगतात. बदलापुरात नऊ हजारात मिळालं. पण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडीत न बसता तो मशिदीत येणार कसा? योम किपूरच्या उपासाला दोन रात्री बायको-मुलांना घेऊन आमच्याकडे येतो, दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं झोपतो, कारण उपासाच्या दिवशी गाडीत बसायचं नाही असं त्याला मनापासून वाटतं. खोली गेली की तेही बंद.

भायखळ्याची मागेन डेव्हिड मशीद १८६४ ची, फोर्टची केनेसेथ एलियाहू १८८४ ची, तिच्या दुरुस्तीचं काम २०१९ ला पूर्ण झालं आणि ती पुन्हा निळी झाली, बघून डोळ्यात पाणी आलं हे खरं आहे. पण प्रार्थनेत तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, वाचायला काढायचा तर दहा पुरुष लागतात आणि ते दहा दर शनिवारी कुठून आणायचे? माझं स्पष्ट मत आहे की आपल्या ट्रस्टांनी रंग, झुंबरं आणि फरशीच्या आधी मशिदीच्या आसपास पाच-दहा छोटी घरं भाड्याने घ्यावीत नाहीतर बांधावीत, आणि तरुण कुटुंबांना परवडेल अशा भाड्यात द्यावीत. तुमचं काय म्हणणं?

टेंभीनाक्यावरचा

ताई, कळकळ समजली पण मला हे पटत नाही. आपला समाज आधीपासून पुढे पुढे सरकत आलाय. नागाव-अलिबागहून मांडवीला आला, १७९६ ला सॅम्युएल दिवेकरांनी तिथे पहिली मशीद बांधली, मग उमरखाडी, भायखळा, आग्रीपाडा, आणि मग ठाणे. आज मांडवीच्या इस्रायल मोहल्ल्यात आपली किती घरं राहिलीत? बोटावर मोजण्याइतकी. म्हणून काही आपण संपलो नाही.

मी ९४ साली उमरखाडीची खोली सोडून ठाण्यात आलो, तेव्हा नातेवाईक म्हणाले होते गावाला चाललास. आज आपली सगळ्यात जास्त वर्दळ ठाण्यातच आहे. आमची शाआर हाशमाईम मशीद १८७९ ची आहे, शब्बाथला मिनियान म्हणजे दहा पुरुष भरतात, लग्न, मलिदा म्हणजे आपला नवसाचा-आभाराचा विधी, सगळं होतं. भायखळ्यात ५५ हजार भाडं भरायला ट्रस्टने मदत करायची, त्यापेक्षा तेवढ्यात ठाण्यात दोन कुटुंबं राहतील. पैसा थोडा आहे, तो जिथे माणसं आहेत तिथे लावा.

भायखळ्याची_लेक

काका, तुम्ही ९४ ला घेतलंत. आज टेंभी नाक्याजवळ माझ्या भावाला ३८ हजार पगारात घर कोण देणार? ठाण्यातली तरुण मुलं घोडबंदर रोडला, कळव्याला, कल्याणला राहतात, ती तरी शनिवारी पायी येतात का? म्हणजे जे भायखळ्यात झालं तेच ठाण्यात होतंय, फक्त पंचवीस-तीस वर्षं उशिरा.

बदलापूर_फास्ट

मी पण बदलापूरलाच राहतो म्हणून लिहितोय. सगळे घरभाड्याचं बोलताहेत, शनिवारचं कुणी बोलत नाही. आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणायचे कारण शनिवारी घाणा बंद. त्यांचा घाणा स्वतःचा होता म्हणून बंद ठेवता आला. मी मोबाईलच्या दुकानात आहे, शनिवार-रविवार सगळ्यात जास्त गिऱ्हाईक, सुट्टी मागितली तर त्या दिवसाचा पगारही जातो आणि इन्सेंटिव्हही जातो. महिन्याचे चार शनिवार धरले तर साडेचार-पाच हजाराचा फटका आहे, तो माझ्या भाड्याच्या निम्म्याहून जास्त झाला. मी दोन वर्षं शनिवारचं काम सोडलं होतं, मुलगी झाल्यावर परत शनिवारी कामावर जायला लागलो, मनाला लागतं पण पर्याय नाही. मला मशिदीजवळ घर दिलंत तरी शनिवारी मी दुकानातच असणार. त्यामुळे घराच्या आधी नोकरीचं बघा, शनिवार-रविवार सुट्टीच्या नोकऱ्या मिळतील असं शिक्षण द्या पोरांना. २०१६ ला राज्यात अल्पसंख्याक दर्जा मिळाला, त्याचा उपयोग तिथे करून घ्या.

लालबागचा

मी ज्यू नाही, शाळेत एक बेने इस्रायली मित्र होता, त्याच्या आईच्या हातचा चिकाचा हलवा रोश हशानाला, त्यांच्या नववर्षाला, खाल्लाय म्हणून या विषयात जीव आहे. पण मला धाग्यातली मूळ मागणीच चुकीची वाटते. गिरगाव, लालबाग, परळमधून हजारो मराठी कुटुंबं याच कारणाने विरार आणि अंबरनाथला गेली, पागडी ते टॉवर आणि टॉवरचा मेंटेनन्स झेपत नाही म्हणून विक्री, अक्षरशः हीच गोष्ट. ती काय धर्मामुळे गेली? आणि आता प्रत्येक समाजाने आपापली घरं आपापल्या लोकांसाठी ठेवायची म्हटलं तर ज्याच्यामागे कुठलाच ट्रस्ट नाही त्याने कुठे जायचं? आधीच या शहरात आडनाव आणि ताटातलं बघून घर नाकारतात. त्यात अजून भर नको. मागणी करायची तर सगळ्या जुन्या भाडेकरूंसाठी मेंटेनन्सवर मर्यादा मागा, मी मोर्चात येतो.

भायखळ्याची_लेक

दादा, मेंटेनन्सचा मुद्दा शंभर टक्के मान्य आणि मोर्चाला मी तुमच्या पुढे असेन. पण एक फरक आहे. लालबागचं कुटुंब विरारला गेलं तर विरारला देऊळ आहे, नसेल तर दोन वर्षांत होतं, चार घरं मिळून गणपती बसवतात. आम्ही अख्ख्या देशात चार-पाच हजार उरलोय, १९५० च्या आसपास वीस हजाराच्या वर होतो. आमची दहा माणसं दहा स्टेशनांवर पांगली की प्रार्थना अडते. घर नाकारलं जातं तेव्हाचा त्रास आम्हालाही माहीत आहे, मटण खाता का हे आम्हालाही विचारतात. कुणाचं घर काढून घ्या असं मी म्हणत नाहीये, आहे त्यात दहा माणसं जवळ कशी राहतील एवढंच विचारतेय.

सातरस्ता_सीए

ट्रस्टांच्या ऑडिटचं काम केलेलं आहे, थोडं कायद्याचं सांगतो. सार्वजनिक ट्रस्टची जागा विकायची किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने लीजवर द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शिवाय ट्रस्टच्या डीडमध्ये, म्हणजे स्थापनेच्या दस्तात, जो उद्देश लिहिलाय त्यावरच पैसा खर्च करता येतो. मशिदीची देखभाल आणि पूजाअर्चा लिहिलं असेल तर त्यातून कुणाचं घरभाडं भरता येत नाही, उद्या कुणी तक्रार केली तर विश्वस्त स्वतः अडकतात. आणि दुरुस्तीसाठी म्हणून बाहेरून आलेली देणगी दुरुस्तीलाच लागते, ती घराकडे वळवणं म्हणजे देणाऱ्याचा विश्वासघात आहे. झुंबरं आधी की घरं आधी, असं वाटतं तितकं ट्रस्टच्या हातात नसतं. विकत घेणं तर विसराच, मुंबईत नुसती स्टॅम्प ड्यूटीच ६ टक्के आहे.

पारशांचं उदाहरण कुणीतरी देईलच म्हणून आधीच लिहितो, त्यांच्या बागा, म्हणजे वसाहती, उभ्या राहिल्या त्या घरांसाठीच दिलेल्या दानातून, तेव्हा जमिनीही मिळत होत्या. आपल्याकडे ससून या बगदादी ज्यू व्यापारी घराण्याने मशिदी, शाळा, हॉस्पिटल बांधलं, पण आपल्या नावाच्या वसाहती उभ्या राहिल्या नाहीत, ती वेळ गेली.

रहमतआजी

मी ७१ वर्षांची, नर्स होते, नातू टाईप करून देतोय. सगळे कोशर, म्हणजे आपल्या धर्माला चालणारं खाणं, महाग आहे म्हणतात ते मला खरं वाटत नाही. परदेशी डब्यातलं कोशर महाग आहे, आपलं नाही. आमच्या आयांनी मटणाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून नारळाचं दूध घातलं, कोळंबी-खेकडा चालत नाही म्हणून बांगडा खाल्ला, शब्बाथला वाईन मिळाली नाही तर काळ्या मनुका भिजवून सरबत केलं आणि त्यावर किद्दुश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, म्हटला. बाहेरचं मटण चालत नाही म्हणून हॉटेलचा खर्चच नाही. आता नारळ पन्नास रुपयाला झालाय हे कबूल, आणि कोंबडी हजानकडून, म्हणजे मशिदीत प्रार्थना म्हणणाऱ्याकडून, कापून आणायची तर त्याचे पैसे, रिक्षाचे पैसे, म्हणून दोन घरं मिळून सहा-सहा कोंबड्या एकदम आणतो, मीठ लावून, धुऊन फ्रीजरला टाकतो.

पण हे दोन घरं मिळून तेव्हाच होतं जेव्हा दुसरं घर त्याच गल्लीत असतं. माझी शेजारीण गेल्या दिवाळीला मुलाकडे अंबरनाथला राहायला गेली, आता मी एकटीसाठी कोंबडी आणतच नाही, डाळ-भात आणि भाजी खाते. म्हणून मला त्या मुलीचं म्हणणं बरोबर वाटतं. लांब राहिलं की सगळंच महाग पडतं, मलिद्याला दहा माणसं गोळा करायची तर पाच जणांचं टॅक्सीभाडं यजमानाला द्यावं लागतं, म्हणून लोक मलिदा पुढे ढकलतात, ढकलतात आणि मग राहूनच जातो.

अश्दोदहून

तिकडच्या मुलांच्या मनात येतं की इस्रायलला निघून जावं म्हणजे प्रश्न मिटला, त्यांच्यासाठी लिहितो. मी १८ वर्षं इथे आहे. २०२१ ला इकॉनॉमिस्टच्या यादीत तेल अवीव जगात सगळ्यात महाग शहर ठरलं होतं. २०११ ला कॉटेज चीजच्या किमतीवरून लोकांनी बहिष्कार घातला आणि मग घरभाड्यासाठी रॉथशिल्ड रस्त्यावर तंबू टाकून राहिले. जानेवारी २०२५ पासून व्हॅट १८ टक्के झालाय. इथे कोशर चिकन कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतं, शनिवारची सुट्टी मागावी लागत नाही, हे सुख आहे, बदलापूरवाल्या भावाची पोस्ट वाचून ते जास्त जाणवलं. पण सुरुवातीचे काही महिने सरकारचे पैसे येतात, नंतर भाडं, अर्नोना म्हणजे नगरपालिकेचा कर, घर घेतलं तर मश्कांता म्हणजे घरकर्ज, आणि चाळिशीत येऊन हिब्रू अर्धवट असेल तर काम फॅक्टरीत नाहीतर म्हाताऱ्यांच्या सेवेचं. पन्नाशीच्या दशकात आलेल्या आपल्या लोकांना दिमोना, बीरशेबाला पाठवलं, आजही स्वस्त घर हवं तर तिकडेच बघा म्हणतात. धर्मासाठी या, घरच्यांसाठी या, स्वस्त पडेल म्हणून येऊ नका.

टेंभीनाक्यावरचा

आजींचं वाचून थोडं थांबलो. टॅक्सीभाड्याचं खरं आहे, मी स्वतः दिलंय. तरी माझं म्हणणं कायम आहे. एकट्या आजींना भायखळ्यात राहायला लावण्यापेक्षा ठाण्यात आणावं, इथे गल्लीत चार घरं आहेत.

रहमतआजी

ठाण्याचं घर कोण देणार मला, भाऊ? इथे पागडी भरलेली आहे म्हणून छप्पर आहे.

भायखळ्याची_लेक

सीए काका, कलम ३६ चं मला माहीत नव्हतं, वाचून घेते. पण ट्रस्टने विकत घेऊ नये, लीज देऊ नये, ठीक. मग दुसरं विचारते. आपली किती घरं कुलूप लावून पडली आहेत? माझ्या एकट्या बिल्डिंगमध्ये दोन, आग्रीपाड्यात मागेन हसीदिम मशिदीच्या मागच्या रस्त्यावर मला माहीत असलेली तीन. माणसं इस्रायलला, घर इथे बंद, भाडेकरू निघाला नाही तर काय या भीतीने कुणालाच देत नाहीत. ट्रस्टला पैसा घालायचाच नाहीये, फक्त मध्ये उभं राहायचंय, अकरा महिन्यांचा रजिस्टर लीव्ह अँड लायसन्स करून द्यायचा, आणि वेळेवर खाली करून देऊ असं मालकाला शब्द द्यायचा.

सातरस्ता_सीए

रजिस्टर लीव्ह अँड लायसन्सला कायद्याची अडचण नाही, मुदत संपल्यावर घर खाली करून घ्यायचा रस्ताही आहे. मात्र स्वतःच्या मालकीचा फ्लॅट हवा, पागडीच्या खोलीत मूळ मालकाच्या परवानगीशिवाय दुसरा बसवला तर खोलीच जायची. आणि शब्द कोण देणार हा खरा प्रश्न आहे. विश्वस्त अशी जबाबदारी घेतील असं मला वाटत नाही, त्यांना दोष देत नाही.

अश्दोदहून

काल रात्री हे वाचून झोप लागली नाही. आग्रीपाड्याच्या त्या तीनांपैकी एक बहुतेक आमचं आहे. ओनरशिपचा फ्लॅट, दुसरा मजला, आई २०१९ ला माझ्याकडे आली तेव्हापासून बंद. सोसायटीचे सहा हजार मी इथून दर महिन्याला भरतो. बहीण म्हणते विकून टाक, मला वाटतं आईच्या हयातीत नको. बाजारभावाने भाडं मला नको, मेंटेनन्स आणि वर थोडं निघालं तरी चालेल. पण घरात आईचं देव्हाऱ्यासारखं एक कपाट आहे, आजोबांची हिब्रू-मराठी प्रार्थनेची पुस्तकं आहेत त्यात, ते हलवायचं नाही. आणि घेणाऱ्याने खरंच मशिदीत जायला हवं, नाहीतर मी हे कशाला करू.

बदलापूर_फास्ट

मला सकाळी आठला दुकान उघडायचं असतं, आग्रीपाड्याहून दुकान वीस मिनिटांवर पडेल. येण्याजाण्याचे तीन तास वाचतील. पण शनिवारचं मी वर लिहिलंय ते खरं आहे, खोटं बोलून घर घेणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी आणि सणाला नक्की येईन, शनिवारी सकाळी आधीच्या प्रार्थनेला थांबून मग दुकानात जाईन. चालत असेल तर सांगा, नसेल तर भायखळ्याच्या ताईंच्या भावाला द्या, त्याला जास्त गरज आहे.

टेंभीनाक्यावरचा

मी अजूनही म्हणतो पुढचं बघायचं तर ठाण्यातच बघा. पण अश्दोदवाल्यांना सांगतो, कुणी ट्रस्ट मध्ये उभा राहिला नाही तर कागदावर साक्षीदार म्हणून मी सही करतो, रिटायर्ड आहे, महिन्यातून एकदा जाऊन घर बघून येईन. आईला विचारा आधी.

अश्दोदहून

आईला आज शब्बाथ संपला की विचारतो.