शब्दचर्चा: ताळा, पडताळा, सिद्धता

प्रश्न

‘दोन अधिक दोन चार होतात हे सिद्ध करा.’ या वाक्यातलं ‘सिद्ध करा’ बरोबर आहे का? मोजून दाखवलं की झालं. मग ‘पडताळून पाहा’ पुरेसं नाही का? शिवाय सिद्धता, पुरावा, ताळा, उपपत्ती हे शब्द गणितावरच्या लेखनात सर्रास एकमेकांच्या जागी आलेले दिसतात. त्यांत फरक कसा करायचा?

उत्तर

‘पुरावा’ गणितात शक्यतो टाळावा. पुरावा थोडा असतो, भरपूर असतो, नव्याने सापडतो, कधी उलटतोही. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, ही गोल्डबाखची १७४२ सालची अटकळ घ्या. संगणकाने ती ४ वर १८ शून्यं एवढ्या संख्येपर्यंत तपासली आहे आणि एकही अपवाद सापडलेला नाही. पुरावा म्हणून हे प्रचंड आहे. सिद्धता अजून नाही, म्हणून ती अटकळच आहे, प्रमेय झालेली नाही.

‘ताळा’ हा हिशेबातला शब्द. ३७ × २४ = ८८८ याचा नवाचा ताळा करू. एक अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत गेलं की ३७ चा १ आणि २४ चे ६ उरतात. त्यांचा गुणाकार ६. ८८८ चेही ६ च. ताळा जुळला. पण उत्तर चुकून ८७९ लिहिलं असतं तरी ६ च उरले असते! ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक; जुळला तर उत्तर बरोबर असेलच असं नाही.

‘उपपत्ती’ हा जुना, भारदस्त शब्द. भास्कराचार्य आपल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ ग्रंथातल्या गोलाध्याय या भागाच्या सुरुवातीलाच सांगतात की उपपत्तीवाचून गणकाला विद्वानांच्या सभेत मान मिळत नाही आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही. त्यांच्याच ‘लीलावती’ या गणितग्रंथावरच्या ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत (१५४५) गणेश दैवज्ञांनी तर नियमांच्या उपपत्ती दिल्या आहेत. आज मात्र उपपत्ती म्हटलं की एखाद्या घटनेची कारणमीमांसा डोळ्यांपुढे येते. त्यामुळे आजच्या गणितासाठी ‘सिद्धता’ जास्त नेमका.

भर

मूळ प्रश्नातल्या दोन अधिक दोनवर खरोखरच वाद झालेला आहे. जर्मन गणिती आणि तत्त्वज्ञ लाइब्निट्सने त्याची सिद्धता अशी दिली: २ म्हणजे १ + १, ३ म्हणजे २ + १, ४ म्हणजे ३ + १. मग २ + २ म्हणजे २ + १ + १, म्हणजे ३ + १, म्हणजे ४. निर्दोष वाटते ना? १८८४ मध्ये जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने त्यातली फट दाखवली. २ + (१ + १) वरून (२ + १) + १ वर आपण आलो ते कशाच्या आधारावर? कंसांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते, हा नियम न सांगता वापरला गेला होता.

फ्रेंच गणिती प्वांकारेचा आक्षेप वेगळा होता आणि तो थेट या चर्चेतला आहे. त्याच्या मते ही सिद्धता नव्हेच, हा पडताळा. एकाच ठरावीक विधानाची व्याख्यांवरून केलेली तपासणी. प्रश्न विचारणाऱ्यांची शंका इतकी जुनी आणि इतकी रास्त आहे! माझं मत मात्र थोडं निराळं आहे: व्याख्या आणि नियम आधी मांडले असतील तर ‘सिद्ध करा’ बरोबर, वस्तू मोजायच्या असतील तर ‘पडताळून पाहा’.

शंका

पण जे सगळ्यांना ठाऊक आहे ते सिद्ध करण्यात गोडी कसली?

उत्तर

एक उदाहरण स्वतः करून पाहा. इटालियन गणिती पेआनोच्या (१८८९) धर्तीवर बेरजेचे दोनच नियम घेऊ. पहिला: अ + ० = अ. दुसरा: अ + (ब + १) = (अ + ब) + १. आता सांगा, ० + अ = अ कशावरून? पहिल्या नियमात शून्य उजवीकडे आहे, डावीकडच्या शून्याबद्दल तो काहीच बोलत नाही. अदलाबदल करता येते असं म्हणाल, तर तेच अजून सिद्ध व्हायचं आहे.

वाट अशी: ० + ० = ० हे पहिल्या नियमाने मिळालं. समजा, एखाद्या न साठी ० + न = न आहे. मग ० + (न + १) हे दुसऱ्या नियमाने (० + न) + १, म्हणजेच न + १. एका संख्येला लागू असेल तर पुढचीला लागू, आणि शून्याला तर लागू आहेच. सगळ्या संख्या पदरात पडल्या, एकही न मोजता. गोल्डबाखच्या बाबतीत १८ शून्यांपर्यंत जाऊनही जे हाती लागत नाही, ते इथे दोन ओळींत लागतं. अशाच आणखी एका पायरीवरून अ + ब = ब + अ पर्यंत पोचता येतं. शुद्ध गणिताची ओढ म्हणतात ती मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते: रोजच्या सवयीचं विधान अचानक अनोळखी होतं आणि मग कारणासकट परत मिळतं.

भर

या रीतीला मराठीत ‘गणितीय विगमन’ म्हणतात. हा शब्द वापरताना जपावं. तर्कशास्त्रातलं विगमन काही उदाहरणांवरून सर्वांबद्दल निष्कर्ष काढतं आणि तो चुकू शकतो. गणितीय विगमनात तसा धोका नाही, कारण एकीवरून पुढचीवर नेणारी पायरी तिथे सिद्ध केलेली असते. म्हणून गणितात ‘गणितीय’ हे विशेषण गाळू नये.