मदत हवी आहे: मुलाचं वजन बघू की दम?

मांजराकाठची (लातूर)

नमस्कार मंडळी,

मुलगा १२ वर्षांचा, सातवीत. उंची १४८ सेंमी, वजन ५६ किलो, कंबर ८० सेंमी. शाळेत ‘खेलो इंडिया’ची चाचणी झाली. त्यात ६०० मीटर पळायचं असतं, मधे चाललं तरी चालतं. हा निम्म्यावर मटकन बसला. पण मला खरं विचारात पाडलं ते माझ्या पुतण्यानं. त्याच वर्गातला, अंगानं काटकुळा, दोघांचं खाणं-पिणं एकाच घरात. तोही कसाबसा शेवटून दुसरा आला. त्याला कुणी काही बोललं नाही. माझ्या लेकराला मात्र ‘वजन कमी कर’ असं शिपायापासून सगळ्यांनी सांगितलं.

मुलाच्या मानेवर नि काखेत कातडी काळी, जाडसर झालीय. आत्याबाई (सासूबाई) डाळीचं पीठ लावून घासायच्या, मळ समजून. डॉक्टरांनी मान बघूनच रक्त तपासायला लावलं. उपाशीपोटी साखर १०३, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.८, एसजीपीटी (यकृताची तपासणी) ५८. मामंजींना शुगर आहे, मला गरोदरपणात होती. डॉक्टर म्हणाले, शुगरचा आजार नाही पण उंबरठ्यावर आहे, वजन आटोक्यात आणा, तीन महिन्यांनी या. बाहेर एवढी रांग होती की पुढचं विचारायचं राहिलंच.

आता घरात तीन मतं. आत्याबाई म्हणतात, लेकरू अंगानं भरलंय, मिसरूड फुटलं की झडतंय. ह्यांचं म्हणणं, महिन्यात पाच किलो उतरव, भात बंद कर. दीर जिमला जातात, ते कसल्या तरी पावडरीचा डबा घेऊन आलेत. तो अजून फोडू दिला नाही.

दिवस असा: सकाळी साडेसहाला फाउंडेशनची (नीट-जेईईच्या पायाभरणीची) शिकवणी, ११ ते ५ शाळा, मग ६ ते ८ पुन्हा शिकवणी. (शिकवणी बंद करा, हा सल्ला कृपया देऊ नका. लातूरमधल्या घरात तो विषय निघाला की पुढचं कुणी ऐकत नाही.) खेळाचा तास वेळापत्रकात आहे, प्रत्यक्षात तो गणिताला जातो. सकाळी चहा-खारी, डब्यात पोळी-भाजी, संध्याकाळी पाकिटं नाहीतर वडापाव, रात्री साडेनऊला जेवण, झोपायला साडेअकरा. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असलं जास्त साखर-मीठ-तेलाचं खाणं विकायचं नाही, असा २०२० चा नियम आहे म्हणे. टपरी शिकवणीच्या दारात आहे, तिथं कोण विचारतंय!

विचारायचं ते हे. वजनाचा काटा बघायचा की दम वाढतोय का ते बघायचं? पुतण्यालाही तपासून घ्यावं का? आणि रोज तासभर खेळ हवा म्हणतात, तो या दिवसात कुठं बसवू? पोहायला लावा असं इथं नक्की कुणीतरी सुचवेल, म्हणून आधीच सांगते: २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे आमचं.

---

खडू-फळा (परभणी, क्रीडाशिक्षक)

ताई, ६०० मीटर सलग पळवू नका. आधी मैदानाची एक बाजू पळायची, तीन बाजू चालायच्या. ते जमलं की दोन बाजू पळायच्या. पळताना बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटलं की चाल कमी करायची. सांधे दुखले तर थांबायचं.

दुसरं म्हणजे, जाड मुलाला पळण्यातच रोज हरवत बसू नका. त्याला जोर-बैठका, रस्सीखेच, गोळाफेक, तालीम असं काही द्या. तिथं हाच पोरगा पुढं असतो, आणि एकदा पुढं राहिला की मैदान सोडत नाही. खो-खो पण चांगला, थोडा वेळ जोरात पळणं, मग खाली बसणं. आपल्या धाराशिवच्या सारिका काळे ह्याच खेळात भारताच्या कर्णधार झाल्या, २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळाच्या तासाबद्दल एकट्यानं मुख्याध्यापकांकडे जाऊ नका. चार-पाच पालक मिळून शाळा व्यवस्थापन समितीत लेखी द्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, हे आतल्या माणसाचं बोलणं समजा.

---

जुना_गडी

आमच्या काळी शेतात राबायचो, असली नाटकं नव्हती.

---

बाळगुटी (छत्रपती संभाजीनगर, बालरोगतज्ज्ञ)

आजोबा, तुमच्या काळी साडेसहाची शिकवणी पण नव्हती.

ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे. स्नायू हलले की ते इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. त्यामुळे काटा जागचा हलला नाही तरी आतलं गणित सुधारू शकतं. वाढत्या वयात महिन्याला पाच किलो उतरवणं नको, भात बंद करणंही नको. वजन आहे तिथं राहिलं आणि उंची वाढली, तरी आपलं काम होतं. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, त्याच्यासाठी म्हणजे ७४ च्या आत. दर महिन्याला टेप लावा, काटा तीन महिन्यांनी. मान घासू नका, तो मळ नाही. इन्सुलिन रक्तात जास्त फिरतं त्याची ती खूण, आतलं सुधारलं की हळूहळू फिकी होते.

हिमोग्लोबिन केलंय का? लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटंच थोडं जास्त दिसतं. एसजीपीटी बघता यकृतावर चरबी आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. पुतण्याचीही कंबर मोजा. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिक यांच्या गटानं दाखवलंय की आपली बाळं जन्मतः हडकुळी दिसली तरी त्यांच्यात स्नायू कमी नि चरबी जास्त असते. तेव्हा काटकुळा म्हणजे तंदुरुस्त, असं नाही.

तासभर एकदम मिळाला नाही तर २०-२० मिनिटांचे तुकडे चालतात. झोप मात्र या वयाला किमान ९ तास हवी, ती आधी सोडवा. आणि खूप तहान, रात्री सारखी लघवी, वजन आपोआप उतरायला लागलं, तर तीन महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

---

मांजराकाठची

सगळ्यांचे आभार, आजोबांचे पण. हिमोग्लोबिन केलंच नव्हतं, उद्या करून घेते. पावडरीचा डबा दीरांना परत दिला.

सध्या इतकं ठरवलंय: शिकवणी घरापासून दीड किलोमीटरवर आहे, हे गाडीवर सोडायचे ते बंद. दोघं भाऊ सकाळी चालत जातील, आठ वाजता चालत येतील, उन्हाळ्यातही ह्या वेळा बऱ्या. शाळा सुटल्यावर पाकिटाऐवजी घरून फुटाणे-शेंगदाणे नाहीतर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा) देईन. रात्रीची ज्वारीची भाकरी-पिठलं साडेआठवर आणायचं, म्हणजे दहाला झोपतील. हे कितपत जमेल, खरं सांगायचं तर मोबाइल कुणाच्या हातात आहे त्यावर आहे, आणि तो बऱ्याचदा ह्यांच्याच हातात असतो.

खडू-फळा भाऊ, तालमीचं मुलाला सांगितलं तर डोळे चमकले. पण आत्याबाई म्हणतात, तालमीत गेला की दूध-तूप-बदाम आलंच, अजून फुगेल. बाराव्या वर्षी फक्त जोर-बैठका आणि डाव शिकायला पाठवलं, खुराक न वाढवता, तर वस्ताद घेतात का? लातुरात कुणी असं लेकरू पाठवलंय का?

---

खडू-फळा

घेतात. आधी जाऊन वस्तादांना रक्ताचे रिपोर्ट दाखवा, म्हणजे खुराकाचा विषयच निघत नाही. पुतण्यालाही सोबत न्या.