शब्दचर्चा : ‘पोराइमोस’, ‘सामुदारिपेन’ की ‘जिप्सींचे हत्याकांड’?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धावरील एका लेखाचे भाषांतर तपासताना ‘पोराइमोस’ हा शब्द आढळला. तो मराठीत तसाच ठेवावा, की सरळ ‘जिप्सींचे हत्याकांड’ म्हणावे?

उत्तर : ‘पोराइमोस’ हे नाझींनी केलेल्या रोमा व सिंती या युरोपीय समाजांच्या (ज्यांना ‘जिप्सी’ म्हटले जाते) वंशसंहाराचे एक नाव. त्यांच्या रोमानी भाषेत त्याचा अर्थ गिळंकृत करणे, फस्त करणे. रोमा भाषाभ्यासक इयन हॅनकॉक यांच्या लेखनामुळे तो १९९०च्या दशकात रूढ झाला. परंतु काही रोमानी बोलींत त्याला बलात्काराची छटा असल्याने पुष्कळ रोमा मंडळींना तो चारचौघांत उच्चारणेही अवघड वाटते. भाषाभ्यासक मार्सेल कुर्तियाद यांनी प्रचारात आणलेला ‘सामुदारिपेन’ मला अधिक योग्य वाटतो, जरी त्याची घडण रोमानीच्या वळणाची नाही असा आक्षेप घेतला जातो. ‘सा’ म्हणजे सारे, ‘मुदार’ म्हणजे ठार मारणे, आणि अखेरचा ‘पेन’ हा आपल्या ‘शहाणपण’, ‘मोठेपण’ यांतील ‘पण’चा सख्खा भाऊ, कारण दोहोंचे मूळ ‘त्वन’ या प्रत्ययात आहे. एवढी फोड दिली की मराठी वाचकाला तो परका राहत नाही.

‘जिप्सी’ मात्र टाळावा. हे लोक इजिप्तमधून आले या गैरसमजातून तो शब्द निघाला. त्याच्या जोडीला मराठीत हमखास ‘भटके’ येते, आणि जर्मनीतील अनेक सिंती कुटुंबे तर पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात घर करून राहिलेली होती.

पुरवणी : ‘असामाजिक’ या शब्दाचीही नोंद व्हावी. नाझी पोलिसांनी रोमा व सिंतींवर तो शिक्का मारला. छावणीत अनेकांच्या कपड्यांवर काळा त्रिकोण आला, तर आउश्वित्झमध्ये हातावर ‘झेड’ अक्षर (‘जिप्सी’साठीच्या ‘त्सिगॉयनर’ या जर्मन शब्दाचे आद्याक्षर) गोंदले गेले. तेथे सुमारे २३,००० जणांना नेण्यात आले, आणि २ ऑगस्ट १९४४च्या रात्री उरलेल्या चार हजारांहून अधिक जणांना, ज्यांत बहुतेक वृद्ध, स्त्रिया व मुले होती, विषारी वायूने मारण्यात आले. युद्ध संपले तरी शिक्का पुसला गेला नाही : १९४३पूर्वीची कारवाई वांशिक छळ नसून गुन्हेगारीचा बंदोबस्त होती, असे पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी व फौजदारी न्यायालयाने १९५६मध्ये ठरवले, आणि त्यापायी असंख्य वाचलेल्यांचे भरपाईचे दावे फेटाळले गेले. १९६३मध्ये न्यायालयाने भूमिका अंशतः बदलली. वंशसंहार झाल्याची सरकारी कबुली मात्र १९८२ साली चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी दिली.

चित्रफितीतही तीच गत. नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क छावणीहून सुटणाऱ्या आगगाडीच्या दारातून डोकावणारी, डोक्याला फडके गुंडाळलेली मुलगी अनेक दशके ज्यू बळींचे प्रतीक म्हणून दाखवली गेली. ती सेटेला स्टाइनबाख नावाची नऊ वर्षांची सिंती मुलगी होती, हे १९९४मध्ये उघड झाले.

तेव्हा मथळ्यात ‘रोमा व सिंतींचा वंशसंहार’ लिहावे, मजकुरात प्रथम उल्लेखाला ‘सामुदारिपेन’ फोडीसह द्यावा, आणि नाझी कागदपत्रांतील शब्द अवतरणचिन्हांविना कोठेही वापरू नयेत.