तीन वेळा जिंकलेले गव्हर्नर क्युओमो १९९४ मध्ये का हरले?

प्रश्न – राज्यशास्त्राचा विद्यार्थी, लातूर
अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याचे डेमोक्रॅटिक पक्षाचे गव्हर्नर मारिओ क्युओमो १९८२, १९८६ आणि १९९० या तिन्ही निवडणुका जिंकले. १९९४ मध्ये मात्र रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज पटाकी यांनी त्यांना हरवले. मृत्युदंडाला असलेला विरोध क्युओमोंना भोवला, असे आमच्या वर्गात सांगितले जाते. एवढे कारण पुरेसे आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – निवृत्त प्राध्यापक, परभणी
पुरेसे नाही. मृत्युदंडाचे विधेयक ते पहिल्या कार्यकाळापासून दरवर्षी नकाराधिकार वापरून रोखत होते, आणि तरीही १९८६ मध्ये त्यांना जवळजवळ ६५ टक्के मते मिळाली होती. खरा इशारा १९९० मध्येच मिळाला होता: रिपब्लिकन आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षांचे उमेदवार वेगवेगळे उभे राहून विरोधी मते जवळपास निम्मी-निम्मी विभागली गेली, तरी क्युओमोंची मते ५३ टक्क्यांच्या आसपास उतरली. १९९४ मध्ये हे दोन्ही पक्ष पटाकींच्या मागे एकत्र आले. मधल्या काळातील मंदीने कारखान्यांची गावे खचली होती, करांविषयी नाराजी होती, आणि त्याच वर्षी देशभर रिपब्लिकन लाट होती. न्यूयॉर्क शहराचे रिपब्लिकन महापौर रुडी जुलियानी यांनी ऐनवेळी क्युओमोंना पाठिंबा दिला. शहरात त्याचा उपयोग झालाही असेल, पण शहराबाहेरच्या मतदाराचा ‘सगळे शहरासाठीच चालते’ हा राग त्याने वाढवला, असे मला वाटते. मुंबई-पुण्याकडे पाहणाऱ्या मराठवाड्याला तो राग समजावून सांगावा लागत नाही.

उत्तर – वाचक, नांदेड
१९९४ मधील टॉम गोलिसानो या तिसऱ्या उमेदवारामुळे क्युओमो पडले, असेही कोणी म्हणेल; ते मला पटत नाही. त्यांचा जोर शहराबाहेर होता, म्हणजे त्यांनी बहुधा पटाकींचीच मते घेतली. दीर्घ कारकिर्दीचा कंटाळा मात्र खरा मानावा. आपल्या लातुरातही १९८० पासून सलग सात वेळा लोकसभेवर गेलेले शिवराज पाटील २००४ मध्ये हरले.

उत्तर – निवृत्त प्राध्यापक, परभणी
कंटाळा मान्य आहे, पण मते जाणार हे दिसत असतानाही क्युओमोंनी मृत्युदंडाबाबतची भूमिका सोडली नाही, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. पटाकींनी १९९५ मध्ये मृत्युदंडाचा कायदा आणला, २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, आणि त्याखाली एकाचाही मृत्युदंड प्रत्यक्ष अमलात आला नाही. प्रश्नकर्त्याने १९९० आणि १९९४ चे काउंटीनिहाय (म्हणजे जिल्हानिहाय) आकडे शेजारी ठेवून पाहावेत.