शनिवारचे दोन तास देणाऱ्यांनो, आधी शाळेची वेळ विचारा

खडूमास्तर
परवा एका उत्साही सदस्याने इथे आवाहन टाकलं: 'शनिवारचे दोन तास द्या, जि. प. शाळेतल्या एका मुलाचे मेंटॉर व्हा. शिक्षकांकडून आता काही होणार नाही, आपणच पुढे यायला हवं.' खाली अंगठ्यांचा पाऊस. प्रतिसाद तिथेच देणार होतो, पण लांबला, म्हणून वेगळा धागा.

माझी शाळा द्विशिक्षकी. शनिवारी सकाळची असते. मेंटॉर मंडळी पुण्याहून वाटेत मिसळ हाणून येतात ती अकराला. तोवर पोरं खिचडी खाऊन दप्तर पाठीला लावून निघालेली असतात. मग सरपंचांचा फोन, 'गुरुजी, पाव्हणे आलेत, थांबवा जरा.' थांबवतो. वरच्या वाडीची पोरं मग भर उन्हात घाट चढत घरी जातात. कार्यक्रम काय, तर चौथीच्या मुलांना 'मोठेपणी कोण होणार?', 'स्वप्नं मोठी बघा', वह्यावाटप, फोटो. हातच्याची वजाबाकी कोणी शिकवत नाही, ती फोटोत येत नाही ना. जूनमध्ये गाडी भरून येतात, दिवाळीनंतर ग्रुपवर फक्त शुभ सकाळ.

आणि शिक्षकांकडून काही होणार नाही म्हणता, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 वाचा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा, केलं की निवडणूक बाराही महिने चालू. वर पोषण आहाराची रोजची नोंद, आधार पडताळणी, यु-डायसवर (सरकारी पोर्टल) शाळेची माहिती. खरंच मदत करायची असेल तर या, माझ्या खुर्चीत बसून माहिती भरा. मी वर्गावर जातो.

शनिवारकर
आवाहन मीच टाकलं होतं. 'शिक्षकांकडून होणार नाही' हे वाक्य जरा जास्त झालं असेल, पण तुम्ही तर सगळ्यांनाच मिसळवाले ठरवलंत.

मी मनपा शाळेत जातो, मुख्याध्यापकांना विचारून, त्यांनी दिलेल्या वेळेत. सहावीतली एक मुलगी 403 वजा 168 चं उत्तर 365 काढायची. दर वेळी असंच काहीतरी. वहीवर लाल फुली आणि शेरा: 'लक्ष देऊन सोडव.' मी तिला फक्त म्हटलं, कसं केलंस ते बोलून दाखव. 'तिनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहातून शून्य.' म्हणजे पोरगी पूर्ण लक्ष देऊनच सोडवत होती! स्वतःचा नियम बनवला होता आणि तो इमानदारीत पाळत होती. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणले, गठ्ठा सोडून सुट्या काड्या करायला लावल्या, तेव्हा कुठे हातचा म्हणजे काय ते तिला कळलं. भरलेल्या वर्गात एकेकीला असं बोलतं करायला शिक्षकाला वेळ नाही, मान्य. मग ज्याला वेळ आहे त्याला का हाकलता?

आणि हो, कलम 27 पाठ आहे तर 28 पण वाचा. शिक्षकांनी खासगी शिकवण्या घेऊ नयेत असं लिहिलंय.

बांधावरचा
गुरुजी, बाकी राहू द्या. तुम्ही मुक्कामाला कुठं असता?

खडूमास्तर
धाग्याचा विषय काय, प्रश्न काय?

बांधावरचा
विषय तोच आहे. आमच्या गावचे दोन्ही गुरुजी तालुक्याला राहतात. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावातच, राहतो असा ग्रामसभेचा ठराव जोडून घरभाडे भत्ता उचलतात. त्या ठरावावर मीही अंगठा उठवलाय, नाहीतर शाळेला कोण येणार या भीतीनं. 2022 ला आमदार प्रशांत बंब यांनी हे विधानसभेत काढलं तर केवढा गदारोळ केलात! पाचची एसटी गाठायची म्हणून पावणेपाचला कुलूप. मास्तर गावात असता तर संध्याकाळी ओट्यावर चार पोरं आपसूक जमली असती. मग पुण्याचा मेंटॉर लागलाच नसता.

खडूमास्तर
वाटच बघत होतो. अहो, गावात भाड्यानं खोली तरी मिळते का? मिळाली तर संडास नाही. बायकोची नोकरी तालुक्याला, आईला दर महिन्याला दवाखाना. ग्रामसेवक राहतो? तलाठी राहतो? आरोग्य केंद्राचे डॉक्टर राहतात? त्यांना कोणी विचारत नाही. मास्तर हातात सापडतो, म्हणून बडवा मास्तरला.

बांधावरचा
संडास नाही त्या गावात आमच्या बायका-पोरी राहतात, त्याचं काय? आणि तुमची स्वतःची पोरं कुठल्या शाळेत आहेत तेही लिहा एकदा. सेमी की सीबीएसई?

खडूमास्तर
पोरांवर घसरायचं काम नाही!

तिखटमीठ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मेंटॉरचा धागा मुख्यालयावर गेला, आता जुनी पेन्शन आली की शतक नक्की.

जुनी_पाटी
भांडा तुम्ही, पण 'स्वयंसेवक' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मी वस्तीशाळेवर, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या सरकारी शाळेवर, होते. कागदावर पद होतं स्वयंसेवक. काम पूर्ण शिक्षकाचं, हातात मानधन इतकं की सांगायची लाज. कुडाच्या खोलीत चार इयत्ता एका फळ्यावर. पुढे नाव बदलून निमशिक्षक केलं. शेवटी 2014 ला आम्हाला कायम शिक्षक म्हणून घेतलं, तेही आझाद मैदानाची माती खाऊन. काही जणींची उमेद त्याआधीच संपली होती.

म्हणून मला या दोन तासवाल्यांचा राग नाही, भीती वाटते. फुकट माणूस मिळतो म्हटल्यावर जागा भरायची घाई कोणाला राहील? वीसच्या आत पट असलेल्या शाळा बंद करायच्या गोष्टी चालल्यात, बघताय ना. उद्या म्हणतील, शिक्षक कशाला, आठवड्याला मेंटॉर येतोय की.

शनिवारकर
ताई, तुमच्यावर अन्याय झाला, त्याबद्दल दुमत नाही. पण भरती होईस्तोवर त्या सहावीतल्या मुलीनं थांबायचं का?

आकडेमोड
भावना बाजूला ठेवून बोलू का? मुंबई आणि बडोद्यात 'प्रथम' या संस्थेचा बालसखी कार्यक्रम होता. त्याचा नीट अभ्यास झालाय, अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना 2019 चं नोबेल मिळालं. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोनेक तास वेगळी बसवायची, पायाभूत वाचन आणि गणित. शिकवायला त्याच भागातली दहावी-बारावी झालेली मुलगी. मुलं सुधारली, हे मोजून दिसलं.

आता बारकावे बघा. रोज. त्याच भागातली. आणि मानधन घेऊन. यातली एकही गोष्ट 'शनिवारचे दोन तास' मध्ये बसत नाही.

शनिवारकर
म्हणजे बाहेरच्यानं शिकवलं तर फरक पडतो, हे सिद्ध झालं ना? धन्यवाद.

आकडेमोड
सोयीचं तेवढं वाचायची कला तुम्हीच शिकवा मुलांना.

रानजाई
एरवी फक्त वाचते. आज राहवलं नाही.

मी जि. प. शाळेतलीच. आठवीला एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसले होते. मेरिटला लागलं की नववी ते बारावी वर्षाला 12 हजार मिळतात, हे घरात कोणाला माहीत नव्हतं. सरांनी अभ्यास करून घेतला, पासही झाले. पुढचं कोणी सांगत नाही. पास झालं म्हणजे पैसे आले असं नसतं. केंद्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर वेगळा अर्ज, तो दरवर्षी नव्यानं. माझं आधारवर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. आमच्या वाडीत एक दादा होता, तालुक्याला मेडिकल दुकानात कामाला. त्यानं सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग लावली, आधार दुरुस्त करून आणलं, बँकेत मॅनेजरशी भांडला. त्याचं गणित माझ्याहून कच्चं होतं, एकदाही मला शिकवलं नाही. पण बारावीपर्यंत दर वर्षी विचारायचा, 'रिन्यूअल केलं का गं?' माझ्याबरोबर पास झालेल्या एका मुलीचा अर्ज राहूनच गेला, तिला एक रुपया मिळाला नाही.

तुमच्यापैकी कोण मेंटॉर, कोण मिसळवाला मला माहीत नाही. त्या दादाला यातला एकही शब्द ठाऊक नव्हता.

जुनी_पाटी
हे काम शाळेतल्या लिपिकाचं. प्राथमिक शाळेला लिपिकच नाही, म्हणून दादा लागला. माझा मुद्दा तोच आहे. पण त्या पोराला माझा नमस्कार सांग.

खडूमास्तर
असा कोणी येत असेल तर वेशीपासून पायघड्या घालतो. गावातल्या आठवीच्या पोरींचे अर्ज माझ्या मोबाइलवरून भरतो मी, ओटीपी यायला टेकडीवर जावं लागतं. शनिवारकर, या. भाषण नको, लॅपटॉप आणा. वह्या आणल्या तर परत पाठवीन. सकाळी साडेसातला परिपाठ, तेव्हा हजर पाहिजे.

शनिवारकर
साडेसात? तुमच्या गावाला पुण्याहून त्या वेळेला पोचायचं म्हणजे रात्रीच निघायला हवं.

खडूमास्तर
मग शुक्रवारी या. समाजमंदिरात सतरंजी आहे.

बांधावरचा
वा! म्हणजे मेंटॉरनं मुख्यालयी मुक्काम करायचा आणि गुरुजींनी अप-डाउन. ठराव टाका, अंगठा उठवतो.