सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूती, तीही वेगळ्या घडणीच्या गर्भाशयात : अनुभव लिहावेत

माझे गर्भाशय हृदयाकार, म्हणजे बायकॉर्न्युएट, असल्याचे पहिल्या सिझेरियनमध्ये पोट उघडल्यावरच कळले; पायाळू बाळ शेवटपर्यंत का वळले नाही, याचा उलगडाही तेव्हाच झाला. आता पुन्हा दिवस गेले आहेत. खालच्या भागात एकच आडवा छेद असल्यास प्रसूतीच्या प्रयत्नात गर्भाशय फाटण्याचा धोका साधारण 200 मध्ये 1 असतो, असे सांगितले जाते; पण तो आकडा बहुतांशी नेहमीच्या घडणीच्या गर्भाशयांवरून आलेला आहे. म्हणून प्रत्यक्ष अनुभव हवे आहेत, फसलेल्या प्रयत्नांचेसुद्धा.

•

माझ्या गर्भाशयात पडदा होता, तो पहिल्या बाळंतपणानंतर दुर्बिणीने काढला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सर्वांत आधी जुन्या शस्त्रक्रियेचे टिपण मागितले, कारण पोटावरचा व्रण आडवा असला तरी आतला छेद उभा असू शकतो आणि वरच्या भागातल्या उभ्या छेदानंतर कळा देणे धोक्याचे असते. डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘सिझेरियन’ लिहिलेले होते. टिपण मिळवण्यात तीन आठवडे गेले. छेद आडवाच निघाला. कळा आणणारी औषधे टाळून आम्ही वाट पाहिली, त्या 39व्या आठवड्यात आपोआप सुरू झाल्या. बाळाच्या ठोक्यांचा पट्टा अकरा तास पोटावर होता (त्याचा मला मनस्वी वैताग आला होता), कारण टाका उसवू लागला तर बहुधा ठोकेच आधी बिघडतात. मुलगी नैसर्गिकरीत्या झाली, मात्र वार अडकली आणि भूल देऊन हाताने काढावी लागली. या शक्यतेची कल्पना मला कोणीच दिली नव्हती.

•

माझे गर्भाशय एकशृंगी, म्हणजे एकाच बाजूचे अर्धे घडलेले, आहे आणि मूत्रपिंडही एकच आहे. दोन्हींची घडण गर्भावस्थेत लागूनच होत असल्याने असे आढळते. दुसरे बाळही पायाळूच राहिले. ते बाहेरून वळवण्यास डॉक्टरांनी नकार दिला, आणि सिझेरियन ठरले. वाईट वाटले, पण फार काळ नाही.

•

गर्भाशयाचे तोंड सहा सेंटीमीटर उघडेपर्यंत सारे सुरळीत होते, मग बाळाचे ठोके घसरले आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली. जुना टाका कागदासारखा पातळ झाला होता. आम्ही दोघे सुखरूप आहोत. तरीही कार्डावरचा ‘अयशस्वी प्रयत्न’ हा शेरा मला अजून खटकतो.

•

धागाकर्ती : माझ्या कार्डावरही ‘सिझेरियन’ एवढाच एक शब्द आहे. सोमवारी टिपणासाठी अर्ज देते.