सगळ्या थाई बीएल एकसारख्या नसतात
थाई बीएलमध्ये, म्हणजे 'बॉईज लव्ह' या मुलामुलांच्या प्रेमकथांच्या मालिकांमध्ये, इंजिनिअरिंग कॉलेज आणि रुबाबदार सीनियर यापलीकडे काही नसतं, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटलं नाही. २०१६च्या 'सोटस' या मालिकेनंतर तो साचा भरपूर वापरला गेला, मान्य. पण २०२०ची 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू' बघा! फुकेतमधले दोन जुने मित्र, तेह आणि ओ-एव; तेह ओ-एवला चिनी शिकवतोय, दोघांनाही विद्यापीठात प्रवेश हवाय. तेह स्वतःला मिळालेली जागा ओ-एवसाठी सोडतो तेव्हा तर जीव कासावीस होतो. त्याची घालमेल कुठेही घाईने मिटवलेली नाही. तो जवळ येतो, घाबरतो, दुखावतो, पुन्हा येतो. तेहच्या भूमिकेत बिलकिनने काय काम केलंय! पाचच भाग आहेत, नक्की बघा.